धुराची गाडी पिंपात शिरत नाही

पावसाळा ओसरू लागला की बऱ्हाणपुरात तापाच्या रुग्णांची गर्दी दिसू लागते आणि मागोमाग एक मागणी जोर धरते: धुराची गाडी पाठवा. शनवारा असो, लोहारमंडी असो वा लालबाग, गाडी गल्लीत शिरली, पांढरा धूर घरांवरून गेला, की आपल्यासाठी काहीतरी झालं असं लोकांना वाटतं. अशा वेळी कुणी डास खाणाऱ्या किड्यांचं नाव काढलं, चतुराच्या पिल्लांचा उपयोग करून बघू या म्हणालं, तर येणारी उत्तरं ठरलेली असतात. हे पुस्तकी आहे. शंभर वर्षांपूर्वी लोकांनी विचार करून सोडून दिलं. शहरात तळी कुठे उरली आहेत? पिण्याच्या पाण्यात किडे सोडायचे का? आणि सगळ्यांत टोकदार आक्षेप: माणसं तापानं फणफणत असताना तुम्हाला प्रयोग कसले सुचतात?

यातला एकही आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाही. काहींत बरंच तथ्य आहे. पण ते सगळे मिळून जो निष्कर्ष काढतात, तो चुकीचा आहे असं माझं ठाम मत आहे. डेंग्यूचा डास आकाशातून येत नाही. तो आपल्याच घरातल्या पिंपात, हौदात, गच्चीवरच्या उघड्या टाकीत, कूलरच्या तळाशी जन्मतो. धूर त्या पाण्यावरून निघून जातो. चतुराचं पिल्लू मात्र त्या पाण्यातच राहतं. सगळा मुद्दा एवढाच आहे, पण तो समजून न घेता गेली कित्येक वर्षं आपण हवेत औषध सोडत आहोत.

आधी इतिहासाचा आक्षेप घेतो, कारण तोच सगळ्यांत वजनदार समजला जातो. अमेरिकेत रॉबर्ट लॅम्बर्न नावाच्या, रेल्वेच्या धंद्यातल्या गृहस्थांनी १८८९ मध्ये बक्षीस जाहीर केलं. चतुर पाळून डासांचा उपद्रव कमी करता येईल का, या प्रश्नावर निबंध मागवले. १८९० मध्ये ते निबंध पुस्तकरूपानं निघाले. लिहिणाऱ्यांचं मत निराशेचंच होतं. चतुर पाळणं अवघड, त्यांची पिल्लं एकमेकांना खातात, वाढायला फार वेळ घेतात, मोठे झाले की उडून जातात, आणि डास संध्याकाळी निघतात तेव्हा बहुतेक चतुर विसावलेले असतात. त्यापेक्षा डबकी बुजवा, पाण्यावर रॉकेल ओता, असा त्यांचा सल्ला. तेव्हापासून चतुरांचा विषय निघाला की हा दाखला पुढे केला जातो.

पण १८८९ साली विचारलेला प्रश्न काय होता, हे कुणी पाहत नाही. डास मलेरिया पसरवतो हे त्या वेळी जगात कुणालाच ठाऊक नव्हतं. रोनाल्ड रॉस यांना सिकंदराबादेत डासाच्या पोटात मलेरियाचा परोपजीवी सापडला तो २० ऑगस्ट १८९७ रोजी. डेंग्यूचा आणि एडिस डासाचा संबंध तर त्याही नंतर, विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात, उलगडू लागला. लॅम्बर्न यांच्यापुढे होता तो दलदलीतून उठणाऱ्या डासांच्या ढगांचा त्रास. मोकळ्या रानातले, मैलोगणती पसरलेल्या पाण्यातले ते डास. त्यांच्यावर पाळीव चतुरांचे थवे सोडायचे, ही कल्पना फसणारच होती. आपल्यापुढचा प्रश्न निराळा आहे. आपला डास दोनशे लिटरच्या पिंपात आहे. त्या पिंपाला तळ आहे, काठ आहे, आणि आतल्या अळ्यांना पळून जायला जागा नाही.

इथे मला चतुरांची बाजू घेणाऱ्यांनाही एक सुनवायचं आहे. मोबाइलवर फिरणारे संदेश सांगतात की एक चतुर दिवसाला शेकडो डास खातो, अंगणात अमुक झाड लावा, चतुर येतील आणि डेंग्यू जाईल. हे खरं नाही, आणि असल्या दाव्यांनी सगळ्या विषयाचं हसं होतं. उडणारा चतुर उन्हातला, उघड्यावरचा शिकारी आहे. एडिस इजिप्ती दिवसा चावतो हे खरं, पण तो राहतो खाटेखाली, कपड्यांच्या मागे, मागखोलीच्या अंधाऱ्या कोपऱ्यात. चतुर तिथे जात नाही. पावसाळ्याच्या अखेरीस तापीकाठच्या मोकळ्या जागांवर पिवळसर चतुरांचे थवे घिरट्या घालतात, ते पाहून माझंही मन भरून येतं. पँटाला फ्लेव्हसेन्स हे त्यांचं शास्त्रीय नाव. भारतातून निघून मालदीवमार्गे समुद्र ओलांडत ते पूर्व आफ्रिकेपर्यंत जातात, असं चार्ल्स अँडरसन या अभ्यासकानं २००९ मध्ये मांडलं. हा प्रवास अद्भुत आहे. पण त्या थव्यामुळे सिंधीपुऱ्यातल्या घरातला डेंग्यू थांबत नाही, हे कबूल करायला हवं. डेंग्यूच्या कामाचा चतुर तो उडणारा नव्हे. कामाचं आहे ते त्याचं पाण्यातलं पिल्लू.

हे पिल्लू दिसायला मातकट, बसकं, अगदी सामान्य. डोक्याखाली त्याचा खालचा ओठ घडी घालून ठेवलेला असतो आणि टोकाला आकडे असतात. अळी टप्प्यात आली की हा ओठ क्षणार्धात पुढे झेपावतो, अळी पकडतो आणि तोंडाशी आणतो. श्वासासाठी ते मागच्या बाजूनं पाणी आत घेतं, आणि धोका वाटला की तेच पाणी जोरानं बाहेर टाकून पुढे झेप घेतं. डासाच्या अळ्या हवा घ्यायला सतत वर येतात, पुन्हा खाली जातात. त्यांची ही ये-जाच त्यांना पिल्लाच्या तोंडी देते. पिल्लू एकटं नाही. पाण्यात उताणा पोहणारा नोटोनेक्टा कुळातला किडा, पाठीवर अंडी वाहणारा पाण्यातला मोठा ढेकूण, पाणभुंगेरे आणि त्यांच्या अळ्या, टाचणी या चतुराच्याच गोतातल्या किड्याची पिल्लं, हे सगळे डासाच्या अळीवर जगतात. पश्चिम बंगालमधल्या वर्धमान विद्यापीठातल्या संशोधकांनी २००८ मध्ये चतुर आणि टाचण्यांच्या पाच जातींची पिल्लं तपासली. टाक्यांत पिल्लं सोडल्यावर क्युलेक्स डासाच्या अळ्या घटल्या आणि पिल्लं काढून घेतल्यावर पुन्हा वाढल्या. मला या प्रयोगातला दुसरा भाग अधिक मोलाचा वाटतो. अळ्या कमी झाल्या त्या ऋतूमुळे नव्हे, खाणारा हजर होता म्हणून, हे त्यातूनच कळतं.

‘प्रयोगशाळेतल्या गोष्टी गल्लीत चालत नाहीत’ असं यावर म्हटलं जाईल. गल्लीतली गोष्ट सांगतो. म्यानमारमध्ये, यांगून शहरात, लोकांच्या घरातल्या पाणी साठवायच्या भांड्यांत क्रोकोथेमिस सर्व्हिलिया या लाल चतुराची पिल्लं सोडण्यात आली. काम पावसाळ्यात झालं, घरोघरच्या लोकांच्या सहभागानं झालं आणि ठरावीक अंतरानं पिल्लं पुन्हा सोडली गेली. दोन-तीन आठवड्यांत एडिसच्या अळ्या जवळपास दिसेनाशा झाल्या, आणि सुमारे सहा आठवड्यांनी उडणारे डासही अगदी थोडे उरले. हा अहवाल १९९० मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्याच्या लेखकांत फिलिप कॉर्बेट हे चतुरांचे जगन्मान्य अभ्यासक होते. यांगून काही आपल्यापासून वेगळं जग नव्हे. तिथेही पावसाळा आहे, तिथेही लोक पाणी भरून ठेवतात. आणि हा लाल चतुर भारतभर आढळतो. परदेशातून काही आणायचं नाही.

लॅम्बर्नच्या निबंधकारांनी ज्याला दोष म्हटलं, तेच इथे गुण ठरतं. पिल्लू मोठं व्हायला वेळ लावतं, ही त्यांची तक्रार होती. उन्हाळी हवेत एडिसची अळी आठ-दहा दिवसांत डास होऊन उडते. पँटालासारख्या घाईच्या चतुरालाही दीड-दोन महिने लागतात, इतरांना त्याहून जास्त. म्हणजे पिंपात सोडलेलं एक पिल्लू डासाच्या कितीतरी पिढ्या बसून खातं. अळीनाशक औषध विरतं, धूर काही मिनिटांत विरतो, पिल्लू आठवडेच्या आठवडे भुकेलं राहतं.

हीच संथ चाल दुसऱ्या ठिकाणी त्याचा घात करते, आणि याविषयी आपण फारसं बोलत नाही. ओढ्याच्या, तळ्याच्या, शेताच्या पाण्यात औषध पडलं की अळ्या मरतात आणि पिल्लंही मरतात. आठवड्या-दोन आठवड्यांत डास परत येतो, कारण त्याची पिढी तेवढीच आहे. त्याला खाणारा परत यायला महिने लागतात. मधल्या काळात डासाला मोकळं रान मिळतं. एम. डब्ल्यू. सर्व्हिस यांनी १९७०च्या दशकात केनियातल्या तळ्यांत आणि भातखाचरांत ॲनॉफिलीस डासाचा माग काढला, तेव्हा शंभरातल्या नव्वदहून अधिक अळ्या डास होण्याआधीच मरतात असं दिसलं, आणि त्यात भक्षकांचा वाटा मोठा होता. हे काम रोज, फुकट, कुणी न सांगता चालू असतं. बऱ्हाणपूर जिल्हा केळीचा आणि कापसाचा. खकनारकडच्या ओढ्यांत, शेतातल्या साचलेल्या पाण्यात जो मलेरियाचा डास वाढतो, त्याच्यावर आज कुणाचा पहारा असेल तर तो याच किड्यांचा. शेतातलं फवारणीचं औषध पहिल्या पावसाबरोबर ओढ्यात उतरतं, तेव्हा हा पहारा उठतो. शेतकऱ्याला दोष देऊन मी मोकळा होणार नाही. कीड पडलेल्या पिकापुढे त्याच्याकडे पर्याय थोडे असतात. पण पंप ओढ्यात धुऊ नये, उरलेलं औषध पाण्यात ओतू नये, एवढं तर सांगता येतं, आणि ते सांगणारं माणूस आरोग्य खात्याचंही असलं पाहिजे.

‘रसायनानंच मलेरिया हटला होता’ हे उत्तर यावर येतं. त्यातलं खरं मी नाकारत नाही. १९४७ मध्ये देशात दरवर्षी साडेसात कोटी लोकांना मलेरिया होई आणि आठ लाख मरत, असा अंदाज होता. १९५३ मध्ये राष्ट्रीय नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, १९५८ मध्ये त्याचं निर्मूलनात रूपांतर झालं, घराघरांच्या भिंतींवर डीडीटी मारलं गेलं, आणि १९६५ पर्यंत रुग्ण एक लाखाच्या आसपास आले. डीडीटीनं लाखो जीव वाचवले; हे न म्हणणं कृतघ्नपणा होईल. पण पुढचा आकडाही त्याच दमात म्हटला पाहिजे. १९७६ मध्ये रुग्ण पुन्हा चौसष्ट लाखांवर गेले. यंत्रणा ढिली पडली हे एक कारण, डास औषधाला निबर झाले हे दुसरं. ग्रामीण मध्य भारतातला मलेरियाचा मुख्य वाहक ॲनॉफिलीस क्युलिसिफेसिस डीडीटी आणि मॅलॅथिऑन पचवायला शिकला. भिंतीवर मारलेलं औषध महिनोन्‌महिने टिकत होतं, तरी हे झालं. रस्त्यावरून जाणाऱ्या गाडीचा धूर तर भिंतीवर टिकतही नाही. धुराच्या थेंबाला उडणाऱ्या डासाच्या अंगाला लागावं लागतं. दारं-खिडक्या बंद असलेल्या घरातल्या खाटेखालचा डास त्यातून सुटतो, आणि पिंपातली अळी, कोष आणि काठावरची अंडी तर सुटतातच. रुग्ण सापडलेल्या घरात आणि आसपासच्या घरांत, आत जाऊन, वेळेवर केलेली धूरफवारणी विषाणू वाहणारे डास मारते. साथीत तिला जागा आहे. रस्त्यावरच्या फेरीला ती जागा नाही.

आता शहराच्या पाण्याविषयी. बऱ्हाणपूर हे पाण्याचं शहर आहे असं आपण अभिमानानं सांगतो आणि ते खरंही आहे. १६१५ च्या सुमारास अब्दुल रहीम खानखानाच्या काळात तबकुतुल अर्ज या इराणी जाणकारानं सातपुड्याच्या उतारावरून झिरपणारं पाणी जमिनीखालच्या बोगद्यांतून शहरात आणलं. कुंडी भंडाऱ्याच्या शंभराहून अधिक कुंड्या आजही त्याची साक्ष देतात. ते पाणी वाहतं होतं. आज आपलं पाणी नळातून ठरावीक वेळी येतं आणि पुढच्या पाळीपर्यंत साठून राहतं. जुलै २०२२ मध्ये बऱ्हाणपूर हा देशातला पहिला ‘हर घर जल’ प्रमाणित जिल्हा ठरला. २५४ गावांच्या ग्रामसभांनी घरोघर नळ पोचल्याचे ठराव केले. डोक्यावरून हंडे वाहणाऱ्या बायकांसाठी हे फार मोठं काम झालं आहे. पण नळ आला म्हणजे साठवण गेली असं होत नाही. चोवीस तास पाणी येईपर्यंत पिंप राहणार, हौद राहणार. यंत्रमागाच्या घरांत तर खाली माग, वर संसार आणि मध्ये कुठेतरी भरलेली पिंपं, अशी रचना असते. दिवसभर मागावर उभा असलेला माणूस दिवसा चावणाऱ्या डासाच्या तावडीत सापडतो, तो असा.

आठवड्यातून एकदा ‘कोरडा दिवस’ पाळा, भांडी रिकामी करून घासून वाळवा, हा सरकारी सल्ला अगदी बरोबर आहे. जिथे तो पाळता येतो तिथे किड्यांची गरजच नाही. पण दोनशे लिटर पाणी, ज्यासाठी पहाटे उठून पाइप लावला, ते दर आठवड्याला ओतून द्या, हे कोणती गृहिणी ऐकेल? आणि का ऐकावं तिनं? शिवाय एडिसची अंडी भांड्याच्या काठाला चिकटतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने जिवंत राहतात. नुसतं पाणी ओतून ती जात नाहीत, घासावं लागतं. जे भांडं रिकामं करता येत नाही, नीट झाकताही येत नाही, ते चतुराच्या पिल्लाचं. ही वाटणी मान्य केली की अर्धा वाद संपतो.

राहिला पिण्याच्या पाण्याचा आक्षेप. तो करणाऱ्या बाईचा मी आदर करतो. तिला स्वच्छतेची चाड आहे. माझं उत्तर असं की पिण्याचं पाणी झाकणाच्या, तोटीच्या भांड्यातच असावं. त्यात काहीही सोडू नये. पिल्लं सोडायची ती धुण्याच्या, वापराच्या, मागखोलीतल्या साठ्यात. पण हा आक्षेप अधिकाऱ्याच्या तोंडी आला, तर मी उलट विचारीन: त्याच पिंपात तुम्ही टेमीफॉस हे अळीनाशक टाकता ना? लिटरला एक मिलिग्रॅम या प्रमाणात ते सुरक्षित मानलं जातं, हे मला मान्य आहे. तरी वासामुळे कित्येक घरांत औषध टाकणारा कर्मचारी गेला की ते पाणी ओतून दिलं जातं. कीटकनाशक चालतं आणि किडा चालत नाही, हा सवयीचा भाग आहे, आरोग्याचा नव्हे. पिल्लू माणसाला चावून रोग देत नाही. ते पाण्यात विष्ठा टाकतं, हे खरं. अळ्या आणि त्यांच्या कातीही त्याच पाण्यात असतात.

या वादात व्हिएतनामचं उदाहरण नेहमी दिलं जातं, आणि ते नीट समजून घेण्यासारखं आहे. तिथे मेसोसायक्लॉप्स हे सूक्ष्म जलचर मोठमोठ्या सिमेंटच्या टाक्यांत सोडले गेले. हे किडे नव्हेत, कोळंबीच्या गोतातले प्राणी आहेत. नुकत्याच बाहेर पडलेल्या अळ्या ते फस्त करतात. ब्रायन के आणि वू सिन्ह नाम यांनी २००५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं की ३७ पैकी ३२ गावसमूहांतून एडिस इजिप्ती पूर्ण नाहीसा झाला. नुसतं सोडून हे झालं नाही. कुठल्या टाक्यांतून सर्वाधिक डास निघतात ते आधी शोधलं, शाळकरी मुलांनी आणि स्वयंसेवकांनी टाकाऊ डबे-टायर गोळा केले, आणि मग उरलेल्या टाक्यांत जलचर सोडले. मात्र हा प्राणी आपल्याकडे आणायचा म्हटलं तर जुन्या माणसांना नारू आठवेल, आणि त्यांचं आठवणं रास्त आहे. सायक्लॉप्स पोटात गेल्यानंच नारू होई. पायऱ्यांच्या बारवा आणि बावड्या त्याचं घर होत्या. देशातला शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये नोंदला गेला आणि २००० मध्ये भारत नारूमुक्त जाहीर झाला. रोगच नाही तर सायक्लॉप्स नारू देणार नाही, हे शास्त्रदृष्ट्या खरं असलं तरी ज्या पिढीनं पायातून गुंडाळून काढलेला तो दोरा पाहिला, तिच्या पाण्यात सायक्लॉप्स सोडायचा आग्रह मी धरणार नाही. चतुराच्या पिल्लावर असं कोणतंच किटाळ नाही.

‘मग गप्पी मासे आहेतच की’, हे आणखी एक उत्तर. बंद हौदात गप्पी सोडायला माझी ना नाही. पण परदेशी मासे ओढ्यात, तलावात, तापीच्या डोहात सोडण्याला माझा पूर्ण विरोध आहे. गॅम्बुसिया हा अमेरिकी मासा १९२८ मध्ये भारतात आला. जगातल्या सर्वांत घातक शंभर उपऱ्या जातींच्या यादीत आज त्याचं नाव आहे. तो डासाच्या अळ्या खातो, तशीच बेडकांची पिल्लं खातो, देशी माशांची अंडी खातो आणि चतुराची पिल्लंही खातो. म्हणजे डासाचा एक शत्रू आणून बाकीचे सगळे मारायचे. वाहत्या पाण्यात एकदा गेलेला मासा परत काढता येत नाही, हे सोडणाऱ्यानं आधी लक्षात घ्यावं.

सगळ्या डासांवर किडे चालतील, असं मी म्हणत नाही. गटारातल्या काळ्या पाण्यात प्राणवायू नसतो. तिथे चतुराची पिल्लं तग धरत नाहीत आणि हत्तीरोग पसरवणारा क्युलेक्स मात्र खुशाल वाढतो. तिथला उपाय नांदेड जिल्ह्यानं दाखवला आहे. हिमायतनगर तालुक्यातल्या टेंभुर्णी गावानं घरोघर शोषखड्डे घेतले, सांडपाणी जमिनीत जिरवलं, उघडी गटारं उरली नाहीत आणि डास हटले. तिथे चतुर नकोत आणि धूरही नको. आणखी एक मर्यादा इस्राएलमधल्या लिऑन ब्लाउस्टाइन यांच्या कामातून पुढे आली. तिथल्या कुलिसेटा जातीच्या डासाच्या माद्या पाण्यात नोटोनेक्टाचा वास असेल तर तिथे अंडीच घालत नाहीत. ऐकायला छान वाटतं, पण ती मादी मग दुसरं भांडं शोधणार. म्हणून दहा पिंपांत पिल्लं सोडली आणि मागच्या अंगणातला टायर तसाच ठेवला, तर डास तिकडे सरकण्याची भीती आहे. टायर उचललाच पाहिजे. किडे हा सफाईचा पर्याय नाही. जी सफाई करता येत नाही तेवढ्यापुरतेच ते आहेत.

‘एवढं करूनही सगळे डास मरणार नाहीत.’ नाही मरणार. त्याची गरजही नाही. शेवटचा डास मारला तरच रोग जाईल, हा समज रॉस यांनीच १९१० च्या आसपास गणित मांडून खोडून काढला. डासांची संख्या एका पातळीखाली गेली की एका रुग्णापासून सरासरी एकालाही नवी लागण होत नाही आणि रोग आपोआप ओसरतो. ते गणित मलेरियाचं होतं, पण त्यामागचा विचार डेंग्यूलाही लागू पडतो. आपल्याला घरागणिक मोजक्या पिंपांतून निघणारे डास रोखायचे आहेत.

शेवटी ‘माणसं आजारी असताना प्रयोग कसले’ हा आक्षेप. याला माझं उत्तर महिन्यांचं आहे. यांगूनमध्ये डास कमी व्हायला सहा आठवडे लागले. म्हणजे सप्टेंबरमध्ये ताप पसरल्यावर पिल्लं सोडणं फुकट आहे. तेव्हा रुग्णाच्या घरात फवारणीच करावी लागेल. पिल्लं सोडायची ती जूनमध्ये, पहिल्या पावसाबरोबर. त्यासाठी ती आधी वाढवावी लागतात. चतुराच्या मादीला अलगद धरून तिच्या शेपटीचं टोक पाण्यात बुडवलं की ती अंडी सोडते, शेकड्यांनी. सुरुवातीला सूक्ष्म जलचरांवर आणि मग डासाच्या अळ्यांवर पिल्लं वाढवायची, एकमेकांना खाऊ नयेत म्हणून वेगवेगळी ठेवायची. कष्टाचं काम आहे, पण प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या कोणत्याही महाविद्यालयाच्या आवाक्यातलं आहे. पिंपात एक काडी उभी ठेवली की वाढ पुरी झालेलं पिल्लू तिच्यावर चढून चतुर होतं आणि उडून जातं, मग दुसरं सोडायचं.

माझी मागणी मोठी नाही. शहरातले यंत्रमागवस्तीचे, सारख्या दाटीचे दोन वॉर्ड घ्या. दोन्हींत मे महिन्यात घरोघरची भांडी तपासा. शंभर घरांमागे अळ्या असलेली भांडी किती, हा आकडा आरोग्य खात्याला काढता येतो, तो ब्रेटो निर्देशांक म्हणून ओळखला जातो. दोन्हींत टायर, करवंट्या, फुटके डबे उचला. एका वॉर्डात नेहमीसारखं औषध टाका, दुसऱ्यात रिकामी न होणारी भांडी चतुराच्या पिल्लांना द्या. दर पंधरा दिवसांनी दोन्हीकडे तीच मोजणी करा आणि आकडे वॉर्डाच्या फलकावर लावा. दिवाळीपर्यंत हिशेब लोकांसमोर असेल. पिल्लं हरली तर मी ते छापील कबूल करीन. पण मोजणी न करता त्यांना पुस्तकी म्हणणं आता थांबावं, आणि पुढच्या वर्षीच्या धुराच्या डिझेलची तरतूद करताना महाविद्यालयातल्या चार टाक्या, दोन मदतनीस आणि मोजणी करणाऱ्या आशाताईंचं मानधन एवढी एक ओळ त्या अंदाजपत्रकात घातली जावी.